घे, वाच

कापगतेबाबूंशी बोलायचं तर आधी उजेडात उभं राहावं लागे. मागून येऊन हाक मारली, दाराआडून विचारलं, तर बाबू मान वर करत नसत. त्यांच्या टेबलासमोर, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहिलं, की मग ते टाइपरायटरवरून हात उचलायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोला."

स्वतः बोलायचे तेही असंच. आधी आपल्याकडे पूर्ण वळायचे, मग ओठ नीट उघडून तीन-चार शब्दांचं वाक्य बोलायचे. पाचवा शब्द लागलाच तर शक्यतो दुसरं वाक्य करायचे. आणि बोलता बोलता उजव्या हाताच्या बोटाने डाव्या तळव्यावर तोच शब्द लिहायचे. 'साहेब' म्हणाले की तळव्यावर 'साहेब', 'चहा' म्हणाले की 'चहा'. नवीन माणूस घाबरायचाच. मीही घाबरलो होतो. पुढे सवय झाली, आणि सवय झाल्यावर मी त्यांची नक्कल करायला लागलो. झकास करायचो. सगळं ऑफिस पोट धरून हसायचं.

ऑफिस म्हणजे साकोलीचं आमचं धानाच्या बियाण्याचं ऑफिस. कोणत्या गावाने कोणतं बियाणं नेलं, ते कितपत उगवलं, कोणत्या तळ्याखालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, कोणतं धान चाललं, याच्या याद्या करायच्या आणि वर पाठवायच्या. या याद्या टाइप करायला आम्ही दोघं. बाबू ऑफिस उघडल्यापासूनचे, पन्नाशी उलटलेले. मी लाखनीचा, तिशीतला, आणि स्वतःला फार हुशार समजणारा.

बाबूंच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा, कारण त्यात खडूचा तुकडा असायचा. शाळामास्तरसुद्धा सुटीच्या दिवशी खडू खिशात ठेवत नाही. विचारलं तर म्हणायचे, "लागते." पुढे काही नाही. दुपारी एकच्या ठोक्याला सायकलवर टांग टाकून घरी जेवायला जायचे, साडेपाचच्या ठोक्याला पुन्हा घरी. ऑफिसची सहल नागझिऱ्याला गेली, बाबू आले नाहीत. साहेबांच्या मुलीचं लग्न गोंदियाला होतं, बाबू आले नाहीत. दर वेळी कारण एकच: "घरी झाड आहे."

झाड पेरूचं होतं. पेरूच्या झाडासाठी माणूस लग्नाचं जेवण सोडतो, हे आमच्या आकलनापलीकडचं होतं. मुलंबाळं नव्हती. बायको होती असं ऐकून होतो. एकदा एक कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. बाई अंगणात पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी फाटकातून चार हाका मारल्या, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. कागद तसाच परत आणला आणि ऑफिसात जाहीर केलं, की बाबूंची बायको फार घमेंडी आहे, आणि बाबूंचा खरा संसार पेरूच्या झाडाशीच आहे. हे वाक्य बरेच दिवस चाललं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर आला. स्टोअरची खोली रिकामी करून, पडदे लावून, नारळ फोडून त्याची स्थापना झाली. चपला बाहेर. बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आला होता. काळा पडदा, त्यावर हिरवा 'सी', त्याच्यापुढे बाणाचं टोक, आणि त्यापुढे उघडझाप करणारी एक छोटी रेघ. बस, एवढंच. चित्र नाही, आवाज नाही. आम्ही वाट पाहत उभे. रेघ उघडझाप करत राहिली.

"ये सुनता नहीं है," इंजिनिअर म्हणाला. "इसको लिखके बोलना पड़ता है."

बाबू मागे उभे होते, ते पुढे आले. "म्हंजे बहिरं आहे का?"

सगळे हसले. इंजिनिअरही हसला. "हां, समझो बहिरा है. मगर पढ़ लेता है. लिखके जवाब भी देता है."

"मंग जमन," बाबू म्हणाले. ते एकटेच हसले नव्हते.

इंजिनिअरने 'डीआयआर' एवढी तीन अक्षरं मारली, आत काय काय फायली आहेत त्यांची यादी सर्रकन वर गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तो दुपारच्या बसने निघून गेला. जाताना एक पुस्तक ठेवून गेला. सगळ्या आज्ञा त्यात होत्या.

लगेच दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मशीन आलं, तेव्हा टायपिस्ट एकच लागणार. तीन महिन्यांनी नागपूरचे मोठे साहेब येतील, दोघांची परीक्षा घेतील. जो पास होईल तो साकोलीला राहील. दुसऱ्याची बदली सालेकशाला.

सालेकसा म्हणजे जिल्ह्याचं पार पूर्वेचं टोक, तेव्हा गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं. मला जायचं नव्हतं. पण बाबूंचा चेहरा असा झाला की साहेबसुद्धा चपापले.

"साहेब, मी नाही जाऊ शकत."

"काहून?"

बाबूंनी तोंड उघडलं, मिटलं, तळव्यावर काहीतरी लिहिलं, आणि म्हणाले, "घरी झाड आहे."

साहेब संतापले. "कापगते, झाडासाठी बदली थांबत नसते. परीक्षा पास करा."

"करतो जी," बाबू म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी ते पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी बाबूंनी विचारलं, "पुस्तक कुटं आहे?" मी म्हणालो, "साहेबापाशी असन." त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि मशीनसमोर जाऊन बसले. मला लाज वाटली नाही. आता वाटते, तेव्हा नाही वाटली.

बाबूंचा पहिला दिवस मी खिडकीतून पाहिला. नोकरीत त्यांनी हजारो इंग्रजी पत्रं टाइप केली होती, त्यामुळे वरच्याशी कसं बोलायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी टाइप केलं, 'काइंडली शो द लिस्ट अँड ऑब्लाइज'. मग ओळ संपली म्हणून टाइपरायटरच्या सवयीने डावा हात कागदाची गाडी ढकलायला फिरवला. गाडी नव्हती, चहाचा कप होता. कप खाली. रेघ मात्र उघडझापच करत होती. बाबू हात जोडून वाट पाहत बसले. दहा मिनिटं झाली. मी खिडकीबाहेर तोंडात रुमाल कोंबून उभा.

मग बाबूंच्या काहीतरी लक्षात आलं. ते स्वतःशीच म्हणाले, "दिलंच नाही तर ते वाचन कसं?" त्यांनी उजवीकडची मोठी कळ शोधली, ती हळूच दाबली आणि पडद्याला म्हणाले, "घे, वाच."

पडद्यावर उत्तर आलं: 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'.

बाबू ताडकन उठले. माझ्याकडे आले, मला उजेडात उभं केलं आणि म्हणाले, "लांजेवार, एवढ्या वर्षांत मले कोणं 'बॅड' म्हटलं नाही. गोपनीय अहवाल काढून पाहा." त्यांचे डोळे खरंच भरले होते. मी त्यांचं सांत्वन केलं आणि ते जेवायला गेल्यावर हा प्रसंग सगळ्या ऑफिसला करून दाखवला.

जेवून परत आले ते वेगळेच. टेबलाच्या खणातून एक नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'नाही म्हणते'. दुसऱ्या बाजूने वही उलटी करून लिहिलं, 'हो म्हणते'. आणि रोज सकाळी साडेसातला, ऑफिस उघडायच्या आधी, शिपायाकडून किल्ली घेऊन बाबू मशीनसमोर बसू लागले. एकेक शब्द लिहायचा, कळ दाबायची, "घे, वाच" म्हणायचं. नकार आला की नाही-वहीत टिपायचं. 'शो' नाही. 'गिव्ह' नाही. 'ब्रिंग' नाही. 'हेल्प' लिहून पाहिलं, त्यावरही बॅड.

"मदत मांगली तरी शिवी देते," बाबू म्हणाले. "असू दे. पण देते तर खरं उत्तर."

'नाही म्हणते'ची बावीस पानं भरली. मी घरी पुस्तक पाठ करत होतो आणि ऑफिसात बाबूंच्या वहीवर विनोद करत होतो. मग एका सकाळी बाबूंना सुचलं, की आपण टायपिस्ट, तर आपल्याच कामाचा शब्द वापरून पाहावा. त्यांनी लिहिलं 'टाइप', पुढे यादीतल्या एका फायलीचं नाव. घे, वाच. अख्खी फाइल पडद्यावर उतरली! बाबूंनी श्वास धरून दुसरा शब्द लिहिला, 'कॉपी', कार्बन घालून आयुष्यभर काढल्या तशी. ती निघाली. 'इरेज' लिहिलं, खोडलं गेलं. 'डेट', 'टाइम' लिहिलं, तारीख आणि वेळ हजर.

ते तसेच अनवाणी माझ्या टेबलाशी धावत आले. "लांजेवार, हे आपल्याच खात्यातलं निघालं!"

त्यानंतर यादीत दिसेल ते नाव ते लिहून पाहत. एकदा 'फॉर्मॅट' लिहिलं. पडद्यावर तीन ओळींचा इशारा आला आणि शेवटी प्रश्न. मी असतो तर घाबरून मिळेल ती कळ दाबली असती, आणि तळ्याखालच्या सगळ्या गावांच्या याद्या त्याच क्षणी पुसल्या गेल्या असत्या. बाबूंनी तो इशारा ओठ हलवत तीनदा वाचला. नकाराची कळ दाबली आणि वहीत लाल शाईने लिहिलं, 'हे विचारते तेव्हा घाई नको.' कोणतंही उत्तर ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. मध्येच हात उचलत नसत. मला हे ठोंबेपणाचं लक्षण वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी मोठे साहेब आले. आधी मी. पुस्तक पाठ होतं, माझी बोटं नुसती पळत होती. डीआयआर झालं, कॉपी झालं, मोठे साहेब मान डोलावत होते. मग त्यांनी हातातली फ्लॉपी स्वतः आत सरकवली आणि म्हणाले, "आता दिघोरीची यादी यात उतरवा." मी आज्ञा दिली. मशीन घरघरलं आणि पडद्यावर आलं, 'नॉट रेडी'. खाली प्रश्न: 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?'

पुस्तकात सगळं सुरळीत चाललं तर काय होतं तेवढंच मी वाचलं होतं. बिघडलं तर काय, ते शेवटच्या पानांत होतं आणि तिथवर मी गेलोच नव्हतो. मला त्या ओळीतलं फक्त 'फेल' दिसलं. एक कळ दाबली, तेच वाक्य. दुसरी दाबली, पुन्हा तेच. शेवटी मी वाकून भिंतीवरचं बटणच बंद केलं.

मग बाबू बसले. त्यांची बोटं माझ्या निम्म्या वेगाने चालत होती. मोठ्या साहेबांनी फ्लॉपी पुन्हा तशीच सरकवली, तोच प्रश्न पुन्हा आला.

"थांबा जी," बाबू म्हणाले. "काय विचारून राहिलं ते वाचू द्या."

त्यांनी वाचलं. खिशातून वही काढायचीही गरज पडली नाही. वाकून पाहिलं, फ्लॉपीच्या फटीवरची खिट्टी उघडीच होती. मोठ्या साहेबांनी ती मुद्दाम लावली नव्हती. बाबूंनी खिट्टी फिरवली, 'रिट्राय'चं अक्षर दाबलं आणि पडद्याला म्हणाले, "घे, वाच." यादी उतरली.

"ये 'घे, वाच' क्या है?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सवय आहे जी," बाबू म्हणाले.

माझी ऑर्डर आठवड्याभरात निघाली. मी जाम चिडलो होतो. नशिबावर, मशीनवर, पेरूच्या झाडावर. सामान बांधताना ते पुस्तक हाती आलं. वाटलं, फेकून द्यावं. मग वाटलं, आता फेकायचं कायले, बाबूले देऊन टाकू. रविवारी दुपारी मी ते घेऊन बसस्टँडमागच्या गल्लीत बाबूंच्या घरी गेलो.

बाई अंगणात पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. मी फाटकातून हाक मारली. दुसरी मारली. तिसरीला माझं डोकं तापलं. तेवढ्यात बाबू घरातून आले. त्यांनी तिथूनच बायकोला आवाज दिला नाही. ते वळसा घालून तिच्यासमोर गेले, उजेडात उभे राहिले, आणि तिने मान वर केल्यावर मागच्या पेरूच्या झाडाला खिळ्यावर टांगलेली दगडी पाटी काढली. खिशातल्या खडूने पाटीवर लिहिलं, 'पाहुणे'. ती तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घे, वाच."

मी फाटकात उभाच राहिलो.

बाईंनी वाचलं, लगबगीने पदर सावरला, हसून मला खाट दाखवली आणि पाणी आणायला आत गेल्या.

"अठरा वर्षं झाली," बाबू म्हणाले. "ताप आला होता. कान गेले. चौथी शिकलेली आहे, म्हणून बरं."

"बोलत नाहीत?"

"बोलता येते. पण स्वतःचा आवाज तिले ऐकू येत नाही. किती मोठा निघते समजत नाही. लोकं पाहतात. मंग तिनं सोडलं."

"बाबू, साहेबाले सांगितलं काहून नाही? बदलीचं नावसुद्धा काढलं नसतं त्यायनं."

"तिले आवडत नाही. मालूम झालं की लोकं मोठ्यानं बोलतात. तोंडासमोर येऊन ओरडतात." त्यांनी तळव्यावर काही लिहिलं नाही, हात मांडीवर तसेच ठेवले. "इथं दुकानदार, चक्कीवाला, शेजारीण, साऱ्यायले तिची पाटी वाचता येते. सालेकशाले तिनं पुन्हा पहिल्यापासून कोणाकोणाले शिकवावं?"

मी पुस्तक पुढे केलं. काहीतरी खोटं कारण तयार केलं होतं, ते आठवेना.

"मले मालूम होतं," बाबू म्हणाले. "पिशवीतून दिसत होतं."

"मंग मांगलं काहून नाही?"

"तुमालेबी शिकायचं होतं ना." त्यांनी पुस्तक माझ्याकडे परत सरकवलं. "न्या. तिकडंबी येइन मशीन. शेवटची पानं वाचजा."

बाई पाणी घेऊन आल्या. पाटी घेऊन त्यांनी काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. अक्षर गोल, शाळेतल्या पोरीसारखं: 'तिकडं मच्छरदाणी लावून झोपा. हिवताप आहे.' आणि खडू माझ्या हातात दिला. आता मी उत्तर द्यायचं होतं.

मी मिनिटाला पंचेचाळीस शब्द टाइप करणारा माणूस. पाटीवर काय लिहावं ते मला सुचेना. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत थांबल्या होत्या, अजिबात घाई न करता. मला खिडकीबाहेर रुमाल कोंबून हसणारा मी आठवलो, आणि ती 'घमेंडी', आणि तो 'पेरूच्या झाडाशी संसार'. बाबू रोज संध्याकाळी हिला ऑफिसची हकीकत लिहून सांगत असणार, म्हणजे माझं सगळं हिला ठाऊक असणार. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माफ करा.' पाटी त्यांच्याकडे दिली. बाबू शेजारून हळूच म्हणाले, "'घे, वाच' म्हणा."

"घ्या, वाचा," मी म्हणालो.

त्यांनी वाचलं. गोंधळून बाबूंकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पदराने माझे शब्द पुसले आणि लिहिलं:

'कायले? यायनं तं सांगितलं, मशीन तुमीच शिकवली मनून.'

मी बाबूंकडे पाहिलं. ते झाडाकडे तोंड करून, पाठमोरे, खिशावरची खडूची भुकटी झटकत उभे होते. मी हाक मारली. दोनदा मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.